झुरळं बघायला

"तिलचट्टे? आणि आमच्या घरात? छे गं बाई!" लीलाकाकूंनी चूडा-मटरच्या पोह्यांची बशी मधुवंतीपुढे ठेवली. "कालच सगळं घर उकळत्या पाण्याने धुवून काढलंय."

मधुवंतीने कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. झुरळांच्या जाती शोधत निम्मा देश पालथा घातला होता तिने, पण उत्तरेतल्या या संकठा घाटावरच्या मराठी घरांनी तिला पुरतं जेरीस आणलं. चूक तिचीच. न कळवता कुणाच्या दारात उभं राहू नये, असं आईचं वळण. म्हणून ही शहाणी आधी फोन करायची. फोन गेला की घर लख्ख! समोरच्या देवश्रीकाकूंचा तेवढा फोन लागला नाही, म्हणून ते एक घर पदरात पडलं. पण एका घरावर जातींचा नकाशा रंगत नाही. आज इथेही काही मिळालं नाही, तर तिचे मार्गदर्शक सर घाटाचा हा पट्टा प्रबंधातून उडवणार होते.

हार मानेल ती मधुवंती कसली! तिने चमचा खाली ठेवला.

"देवश्रीकाकूंकडे तीन जाती मिळाल्या, काकू."

"मिळणारच. ती झाडते कधी?"

"एक तर तुळशीच्या मातीतली. विद्यापीठात सगळे बघायला आले. आता संग्रहालयात पेटीवर त्यांच्या घराचं नाव लागेल."

काकूंचा हात थांबला. "नाव? तिचं?"

"जिथे मिळालं, तिथलं नाव. नियमच आहे तो."

काकू कमरेची किल्ली काढत म्हणाल्या, "मागची कोठी धुवायची राहिलीय. चल."

कोठीतलं ओलं पोतं काकूंनी स्वतः उचललं, आणि सळसळ करत सगळी पळापळ सुरू झाली. मधुवंती बरणी घेऊन गुडघ्यांवर बसली. आनंदाने तिला धड बोलताही येईना. "काकू, ही बघा... तुमच्याकडची ही चौथी जात!"

काकू तिला तिथेच सोडून गल्लीकडच्या खिडकीशी धावल्या.

"अहो देवश्रीताई, ऐकलंत का? आमच्याकडे चार जाती निघाल्या!"

समोरची खिडकी खाडकन उघडली. "चार? मग त्या पोरीला म्हणावं, आमचं न्हाणीघर बघायचं राहिलंय!"

तेवढ्यात शेजारचीही उघडली. परवा 'आमच्याकडे औषधालाही सापडायचं नाही' म्हणून मधुवंतीला दारातूनच परत पाठवणाऱ्या आनंदीकाकू होत्या त्या.

"आणि आमच्या जिन्याखाली कोण बघणार?"