सोलाणं

आईने बटाटे सालासकट वाढले, पण करवत घेऊन आलेल्या लेकीचं तिकडे लक्षच नव्हतं. अंगणातल्या नासपतीच्या खोडावर बुरशीचा काळा व्रण होता. रोपवाटिकेत काम करणाऱ्या लेकीने त्याभोवती लाल रेघ ओढून बजावलं होतं, “काळं रेघेबाहेर गेलं, की झाड तोडायचं!” जेवून ती अंगणात गेली, तर आई खोडाला पाठ लावून उभी. “काळं कधीच बाहेर गेलं होतं,” आई पुटपुटली. “सोलाण्याने खरवडून काढलं, रेघेसकट. सोलाणं दरवेळी उकळून.” लेकीने तिला बाजूला सारलं. जखमेच्या कडेने कोवळी, गुबगुबीत साल आत सरकत होती. “अगं, जगलं की!” करवत टाकून लेकीने मिठी मारली. “कुणी शिकवलं तुला?” “तुझे फुटलेले गुडघे कुणाला विचारून बरे केले होते?” “आणि सोलाणं?” “आता झाडाचं. सालासकट बटाटे खाऊन कुणी मरत नाही.”