धुतलेले पाय

दोन हजार साली तळेगावच्या वाचनालयात संगणक आला आणि दारावर पाटी लागली : ‘चपला बाहेर काढाव्यात.’ धुळीनं यंत्र बिघडतं, असं वर्ध्याहून आलेल्या माणसानं बजावलं होतं.

नाल्यापलीकडच्या वस्तीतली छाया संगणक शिकायला आली. तिच्या पायात चपलाच नव्हत्या.

“पाय पाह्य तुहे,” शिपाई बंडूजी म्हणाले. “मशीन बिघडन ना. धुऊन ये.”

ती घरी गेली, पाय धुऊन परत आली. नाला ओलांडून येईपर्यंत ते पुन्हा मातीनं भरले.

“धुतले होते, काका.”

“मले तं मातीच दिसून राह्यली.”

दाराशीच पाण्याचा रांजण होता. त्यातलं तांब्याभर घे, असं बंडूजी म्हणाले नाहीत. आणि वस्तीतल्या मुलीनं ते मागायचं नसतं, हे छायाला ठाऊक होतं. उन्हाळाभर ती अशीच येत राहिली. मग येईनाशी झाली.

दोन वर्षांनी एका दुपारी वाचनालयासमोर सासरी निघालेल्या नवरीची जीप थांबली. बौद्ध नवरीच्या पांढऱ्या साडीतली छाया उतरली. पायांत लग्नातल्या नव्या चपला होत्या. त्या तिनं पाटीखाली नीट काढून ठेवल्या आणि स्वच्छ पाय बंडूजींपुढे केले.

“आता तं बसू द्या, काका. पाचच मिनिटं.”

बंडूजींनी घाईघाईनं संगणकावरचं कापड ओढून काढलं. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला, आणि छाया चपला घालायला वळली.