न टांगलेला टॉवेल

“हा टॉवेल किती वेळा वापरला?” मी फॉर्मवर पेन टेकवत विचारलं. भाईंदर पूर्वेच्या या घरात नवरा सुलभाला मारायचा, म्हणून समाजसेविका क्षितिजाताईंनी दोन वर्षांपूर्वी तिला लाल टॉवेल आणून दिला होता. नवरा अंगावर धावून आला की टॉवेल खिडकीच्या ग्रिलवर टाकायचा. समोरच्या बिल्डिंगमधल्या भारतीबेन तो बघून ताईंना फोन करणार, असं ठरलं होतं. या उपायाचा कितपत उपयोग झाला, ते तपासायला संस्थेने मला पाठवलं होतं. “एकदाही नाही,” सुलभा म्हणाली. मी रकान्यात शून्य लिहिलं. असल्या कल्पना कागदावरच छान दिसतात, असं मनात म्हटलंही. तिने कपाटातून टॉवेल काढला. दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नव्हती. “भारतीबेन रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत येतात आणि इकडे बघतात. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी विचारलं, ही बाई रोज काय बघते? मी म्हटलं, मला बघते. तेव्हापासून ह्यांचा हात उठला नाही.” इतक्यात समोरची खिडकी उघडली. “सब ठीक?” पिकल्या केसांच्या बाईंनी तिकडून विचारलं. सुलभाने हसून हात हलवला आणि टॉवेल माझ्याकडे दिला. “ताईंना माझा नमस्कार सांगा आणि हा परत द्या, दुसऱ्या कुणाला लागेल. भारतीबेन मात्र मी ठेवून घेते.”