हवेतला चाकिल

चाकिल हवेत उडाला आणि तिथंच अडकला. आवाज मात्र पुढं पळाला. ढोल वाजला, पत्रे खणखणले, लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. लॅपटॉपच्या पडद्यावर चाकिल, बाहुल्यांच्या खेळातला चामड्याचा राक्षस, होता तिथंच होता, उलटा, हातापासून वीतभर वर.

"झालं, पुन्हा तेच!" निंग्रुमनं कपाळाला हात लावला. "मास जार्वो, अहो दादा, काहीतरी करा ना."

"करतोय ना बाई. मी काय झोपा काढतोय?" नाक्यावर मोबाईल दुरुस्त करणारा जार्वो घामाघूम झाला होता. गावच्या कचेरीतून उसना आणलेला लॅपटॉप त्याच्या मांडीवर तव्यासारखा तापला होता.

आज रात्री गावशुद्धीचा खेळ. गावाची इडापिडा वर्षातून एकदा काढायची, ती बाहुल्यांच्या खेळानं, आणि तो खेळ याच घरानं करायचा. चाकिल हातातून सुटायला हवा, हवेत कोलांटी घेऊन त्याच हातात परत यायला हवा. जमिनीला लागला तर पीडा गावातच राहिली, असं या गावात मानतात. निंग्रुमचे वडील वागिमान, इथले दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारे. हा डाव ते सरावातही कधी करायचे नाहीत. वर्षातून एकदा, बस्स. आणि आता ते दाराशी वेताच्या खुर्चीत बसले होते. उजवी बाजू लुळी, जीभ लाकडासारखी, नजर तेवढी मुलीवर.

खेळाच्या समितीनं निरोप धाडला होता. पोरीला जमत असेल तर सांजेच्या अजानआधी कळवा, नाहीतर क्लातेनचा दालांग आणतो. एकदा दुसरा कुणी त्या मांडवात बसला, की मांडव त्याचाच. हे सांगायला निंग्रुमला कुणाची गरज नव्हती.

या डावाचं चित्रण करून घेतलं होतं तिनंच, गेल्या वर्षी. हेल्मी नावाचा कॉलेजचा पोरगा नवाकोरा फोन घेऊन बापाकच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, पाठीशी बसला होता. कुठंही चालेल असं साधं काढू, का कमी जागेत मावणारं, एकदम लखलखीत, असं त्यानं विचारलं. आता बापाकच्या हाताला साधं कसलं? निंग्रुम म्हणाली, लखलखीतच काढ.

"ही फाईल म्हणजे कचकचून बांधलेलं गाठोडं आहे," जार्वो म्हणाला. "नवा फोन एका हिसक्यात सोडतो. हे म्हातारं यंत्र एक गाठ सोडतंय तोवर पुढच्या दहा येऊन पडतात. मग हे बसतं आ वासून."

"मग हळू चालवा."

त्यानं हळू चालवलं. हाताच्या जागी राखाडी चौकोन आले आणि चिखलासारखे पसरले. दोनदा साध्या फाईलमध्ये बदलून घ्यायला लावलं, तर लॅपटॉप तापून बंद पडला. दोन्ही वेळा. निंग्रुमच्या फोनवर नुसता काळोख आणि त्यात ढोल. गावात नवा फोन एकच, तोही मालकासकट सुराबायाला गेलेला. हेल्मीचा नंबर तर सकाळपासून लागतच नव्हता.

निंग्रुमची आई, इबू, चहा घेऊन आली. पडद्यावरच्या अडकलेल्या चाकिलकडं तिनं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"यालाही वारं गेलं का रे अंगावरून?"

जार्वोला हसू फुटलं. मग त्याला त्याचंच वाईट वाटलं, आणि त्यानं चहाच्या पेल्यात तोंड घातलं.

उन्हं उतरली. निंग्रुम उठली आणि लॅपटॉप उचलून वडिलांच्या गुडघ्यांपाशी जाऊन बसली.

"बापाक, हे बघा. इथंवर कळतं मला. पुढं काय? हातातून सुटल्यावर बघायचं कुठं? त्याच्याकडं, का खेळाच्या पडद्याकडं? नुसतं बोटानं दाखवा."

वागिमान अडकलेल्या चाकिलकडं कितीतरी वेळ पाहत राहिले. घशातून काहीतरी घरघरलं, पण शब्द झाला नाही. मग डावा हात हळूहळू वर आला. त्या हातानं त्यांनी आपल्या पापण्या खाली ओढल्या, आधी एक, मग दुसरी, आणि हात मांडीवर पडू दिला.

निंग्रुमला भडभडून आलं. "म्हणजे डोळे मिटून फेकायचा? का तुम्हाला आता बघवत नाही? बापाक, सांगा ना!"

डोळे मिटलेलेच.

तिनं पेटीतून चाकिल काढला. शिंगाची दांडी मुठीत धरली, डोळे गच्च मिटले आणि मनगटाला झटका देऊन सोडून दिला.

चटईवर खट्ट वाजलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून समितीच्या माणसाची हाक आली, "काय गं निंग्रुम, काय सांगू त्यांना? अजान होईल आता."

इबू वाकली. चटईवरचा चाकिल तिनं उचलला, मुलीच्या मुठीत कोंबला आणि नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन, पार कुंपणापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "आला हो! बरोब्बर हातात आला!"

"शाब्बास!" पलीकडचा माणूस म्हणाला. "मग क्लातेनवाल्याला नको म्हणून कळवतो." त्याची मोटारसायकल सुरू झाली आणि लांब गेली.

निंग्रुमनं वडिलांकडं पाहिलं. चटईवरचं ते खट्ट त्यांनीही ऐकलं होतं. वागिमानांनी डोळे उघडले नाहीत.