कारण निघतेच

"निघाल्याशिवाय राहते का? नागपूरचं मशीन हाय ते!" दुधरामनं मिशीवर हात ठेवून पैज लावली. "पुष्पांजलीच्या डोक्यात काऊन दुखते, याचं कारण नाही निघालं, तं मी लुगडं नेसून तुमच्या बांधीत रोवणा करीन. मिशीसकट."

"निघालं तं मी ट्रॅक्टर चालवीन," दुर्पता म्हणाली. पुष्पांजली तिची सून. "काही नाही निघत. रोवण्याचे दिवस आले का बाईचं डोकं दुखते."

कामठ्याच्या बोरिंगवर पाण्याला आलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, हे बायांचं काम. पुरुषानं बांधीत चिखल करायचा, पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या फेकायच्या आणि शेताच्या धुऱ्यावर उभं राहून बायांना अक्कल शिकवायची. यातलं तिसरं काम दुधराम बावीस वर्षं मन लावून करत होता.

"आई, वाकली का डोळ्यापुढं काळं होते," पुष्पांजली म्हणाली. "कानात राइस मिल चालते. धस्स, धस्स."

"गॅस चढली असंल," दुधराम म्हणाला. "तेही निघंल मशीनीत."

चौथ्या दिवशी पुष्पांजली नवऱ्यासोबत, योगराजसोबत, नागपूरहून आली. घरी जायच्या आधीच सगळ्यांनी तिला बोरिंगवर गाठलं. योगराजनं फाईल उघडली.

"एमआरआय साफ हाय. गाठ नाही, गिठ नाही."

"सांगितलं होतं ना!" दुर्पता ओरडली.

"पण कमरेत सुई टाकून डोक्यातल्या पाण्याचं प्रेशर मोजलं. लय वाढलं हाय. डोळ्यामागची नस सुजली हाय."

"मंग निघालं ना गा!" दुधराम ओरडला.

"काऊन वाढलं, ते नाही निघालं. डॉक्टर म्हणे, पक्कं कारण अजून कोणालेच माहीत नाही. शोध चालू हाय. हिले बी त्या अभ्यासात घेतलं, सही केली हिनं."

छोटेलाल गर्दीतून पुढं आला.

"म्हणजे बिमारी हाय का नाही?" छोटेलालनं विचारलं.

"हाय."

"कायची?"

योगराजनं फाईलवरचं नाव दोनदा वाचलं. दोन्हीदा वेगळं वाचलं. "याचा मतलबच 'कारण माहीत नाही' असा होते म्हणे."

"कारण माहीत नाही, तं बारसं करायची कायची घाई होती?" छोटेलाल म्हणाला.

अर्धा तास भांडण चाललं. नस सुजली म्हणजे दुधराम जिंकला. मशीन साफ म्हणजे दुर्पता जिंकली. शेवटी पुष्पांजलीनं पिशवी खाली ठेवली. डोकं तिचं होतं.

"काकाजी, कारण निघालं नाही. तुम्ही हारले. अन् आई, तुम्ही बी जिंकल्या नाही. मी नाटक नोयती करत." मग आवाज खाली आला. "गोळ्या देल्या. वजन कमी करा म्हणे. नाही तं नजर जाऊ शकते. पयले बाजूचं दिसणं जाते, आपल्याले समजत बी नाही. जराही शंका आली तं त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं पोहोचा म्हणे."

"काही होत नाही येवढं," दुर्पता म्हणाली. "दुधराम भाऊ, माहं हिरवं लुगडं घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी अर्धं कामठा धुऱ्यावर. योगराज ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्या गावच्या चिखलणीला गेला होता, नाही तर तोही असता. दुधराम हिरव्या लुगड्यात, गुडघाभर चिखलात, बायांच्या रांगेत मागे मागे सरकत रोवत होता. सगळ्यांच्या ओळी सरळ जात होत्या. त्याची ओळ चार हात सरळ गेली आणि मग धुऱ्यावरून पाहता डावीकडे वळून गंगाबाईच्या ओळीत घुसली.

"अगा, माह्या घरात काऊन येऊन राहिले?" गंगाबाई ओरडली. हसून हसून बायांच्या हातचे पऱ्हे सुटले.

दुधराम कंबर धरून उभा राहिला. पुष्पांजली धुऱ्यावर बसली होती. वाकायची तिला मनाई होती.

"बेटा, तू न्याय कर. माही ओळ कशी हाय?"

पुष्पांजलीनं समोर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सरळ तं हाय, काकाजी."

हसण्याचा नुसता दणका उडाला. सुनेनं बरी फिरकी घेतली म्हणून दुर्पताही हसली. हसत हसतच ती पेंडी घेऊन धुऱ्यावर चढली आणि सुनेच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर येऊन उभी राहिली.

"खरंच सरळ हाय," पुष्पांजली म्हणाली. "पायजे तं आईले विचारा. कुठं गेल्या त्या?"

बांधीतलं हसणं एकेका बाईपासून थांबत गेलं. दुर्पतानं पेंडीचा हात वर केला. हलवला. पुष्पांजली समोरच पाहत राहिली.

"आई?"

"इथंच हाय वं," दुर्पता म्हणाली. 

दुधराम चिखलातून निघाला तो थेट मोटरसायकलपाशी.

"लुगडं तं सोडा, भाऊ!" गंगाबाई ओरडली.

"गोंदियात, डोळ्याच्या डॉक्टरकडं सोडीन. वहिनी, बसवा तिले मधात."

गोंदियाच्या पहिल्याच सिग्नलवर गाडी अडकली. मिशीवाला माणूस, हिरवं लुगडं, चिखलानं माखलेले पाय. मागे दोन बाया, आणि मागच्या बाईनं मधलीला दोन्ही हातांनी कवटाळलेलं. रिक्षावाले खाली उतरून पाहायला लागले. पोरींनी मोबाईल काढले.

"क्या हार गए, काका?" कोणीतरी ओरडलं.

सगळा चौक हसला. दुधरामनं सिग्नलच्या लाल दिव्यावरची नजर काढली नाही, हॉर्नवरचा अंगठाही नाही.