न फुटलेलं काडतूस

शनिवारी दुपारी विक्रांत शिर्केनं अमिरातीतल्या अल ऐनमधल्या आपल्या फ्लॅटवर मित्रांना हरणाच्या मटणाचं जेवण ठेवलं होतं. हरीण त्यानं स्वतः मारलं होतं, कंपनीच्या अरबाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, वाळवंटातल्या फार्मवर.

“रायफल अरबाबच्या आजोबांची, थ्री-एटीन बोअर,” तो रंगात येऊन सांगत होता. “तिची काडतुसं आता शोधूनही मिळत नाहीत. घरात जुनी दोनच उरली होती. ती माझ्या हातावर ठेवून अरबाब म्हणाला, यल्ला, चल शिर्के! मी जीपमधून उतरलो, नेम धरला, चाप ओढला, तर नुसतं खट्ट! काडतूस फुटलंच नाही. मग ते काढलं, दुसरं भरलं, पुन्हा नेम धरला आणि एका गोळीत आडवं!”

“क्या बात है!” म्हणत मित्रांनी त्याची पाठ थोपटली. बायको साधना कौतुकानं रस्सा वाढत होती.

त्याची दहा वर्षांची मुलगी ईश्वरी मात्र अजून जेवायला लागली नव्हती.

“बट बाबा, तुम्ही दुसरं लोड करेपर्यंत इट डिडन्ट रन अवे? व्हाय?”

विक्रांतनं लेकीच्या नजरेला नजर न देता रश्श्याचं भांडं पुढे ओढलं.



जीप थांबली की चारा मिळतो, एवढंच त्या हरणाला ठाऊक होतं. तो काडतूस बदलत होता तेव्हा ते त्याच्याकडेच चालत येत होतं.