एक दिवसाचं जालना दर्शन

मोती तलावावर रुखसारनं मोनालीचे अकरा फोटो काढले. अकराही फोटोंत मोनालीचं तोंड आधार कार्डावरच्यासारखं आलं.

"जरा हास की," रुखसार म्हणाली. "पाण्याकडं बघून राह्यलीस का भिताडाकडं?"

मोनाली हसली. बाराव्या फोटोत तेवढे दात दिसले.

दोघी परतूरच्या. एकाच दुकानात समोरासमोर मशीन टाकून ब्लाउज शिवायच्या. जालन्याला फिरायला चाललो असं घरी सांगून सकाळच्या गाडीनं निघाल्या होत्या. ते काही खोटं नव्हतं. तलाव झाला, मस्तगड झाला, बाजारात वीस साड्या उलगडायला लावून एकही न घेता उठणंसुद्धा झालं. रुखसारनं दोनदा रस पाजला. मोनालीनं दोन्हीदा पिऊन घेतला, औषध घेतात तसा. बघायचं मुख्य ठिकाण त्यांनी शेवटाला ठेवलं होतं. ते म्हणजे मोनालीचा नवरा.

मिथुन जालन्याच्या एका हॉटेलात वाढप्याच्या कामाला लागला, त्याला आता दोन वर्षं झाली. आधी तो महिन्याला घरी यायचा, मग सणाला, मग येईनासाच झाला, आणि मोनाली माहेरी भावाकडं आली. भांडण नाही, तंटा नाही. नऊ वर्षं एका घरात केलेला संसार नळाची धार बारीक व्हावी तसा बंद पडला. आणि गेल्या आठवड्यात अचानक त्याचा मोनालीच्या भावाला फोन आला: खोली केलीय, तिला पाठवून द्या. भावानं लगोलग माळ्यावरची बॅग काढून पुसूनसुद्धा ठेवली. उद्या रविवारी मोनालीनं उत्तर द्यायचं होतं. जावं असं वाटत नव्हतं. जाऊ नये असंही वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी हिरडीला सुई देतात, तसं आतून सगळं बधीर होतं.

"जायचं तर जा," रुखसार म्हणाली होती. "पण अस्तर भिजवून बघितल्याबिगर आपुन कात्री लावत न्हाई. अन् हा तर नवरा हाय. आधी लांबून बघू. आटतो का, रंग सोडतो का."

लांबून बघणं काही जमलं नाही. दुपारचा एक वाजला होता, हॉटेल गच्च भरलं होतं, आणि कोपऱ्यातलं एकच टेबल रिकामं होतं. दोघी तिथं बसल्या.

"स्कार्फ राहू दे तोंडाला," रुखसार हळूच म्हणाली.

"मंग जेवू कशी?" मोनालीनं स्कार्फ सोडून मांडीवर ठेवला.

तेवढ्यात मिथुनच आला. पोट सुटलं होतं, कानाजवळ केस पिकले होते. त्यानं फडक्यानं टेबल पुसलं, दोन गिलास मांडले आणि एका दमात सगळं म्हणून टाकलं, "शेवभाजी, भरीत, पिठलं, दाल तडका, भाकर बाजरीची, ज्वारीची. काय आणू, ताई?"

रुखसारनं कसंबसं दोन पिठलं-भाकर सांगितलं. तो आणून ठेवून गेला.

"वळखलं न्हाई त्यानं तुला," ती कुजबुजली. "का सोंग करून राह्यला?"

"सोंग न्हाई," मोनाली म्हणाली. घास मोडता मोडता ती त्याच्याकडं बघत होती.

मिथुनकडं सात टेबलं होती. एका टेबलावर लहान पोर रडत होतं. त्यानं त्याच्यापुढं ताट ठेवलं, पोराकडं बघितलं नाही. एकानं भाकर गार म्हणून त्याला चार शब्द सुनावले. त्यानं भाकर उचलली, माणसाकडं बघितलं नाही. त्याची नजर ताटावरून ताटावर जायची. काय संपलं, काय उरलं, कुणाला काय हवं, बिलकुल चूक नव्हती त्यात. मालकाला सोन्यासारखा माणूस.

घरीही तो असाच जेवायचा. नऊ वर्षं मोनालीनं वाढलं आणि नऊ वर्षं त्यानं ताटातून मान वर काढली नाही. "तुझ्या तोंडाकडं बघून घास उतरत नसंल त्याचा," सासू म्हणायची. मोनालीला ते पटलं होतं. तिनं क्रीमच्या ट्यूबा संपवल्या, भुवया कोरल्या, भांग बदलला. तोंडात काय खोट आहे, हे आरशाला विचारून विचारून थकली आणि मग विचारायचीही बंद झाली. आता सातही टेबलांवरची माणसं तिनं बघितली. गोरी होती, देखणी होती, एक तर नवी नवरीच होती. मिथुननं त्यांतल्या एकाचंही तोंड बघितलं नव्हतं.

"बरं झालं बाई, निभलं," रुखसार म्हणाली. "चल, जल्दी जेव अन् निघू."

मिथुन टोपलं घेऊन परत आला. "गरम भाकर देऊ, ताई?"

कुणी आग्रह केला की करतात तसे मोनालीनं दोन्ही पंजे ताटावर आडवे धरले.

तो थबकला. भाकर हातातच राहिली. समोर ताटावरच्या हातांना मनगटापाशी तव्याचे चटके होते, अंगठ्यात शिलाईची सुई घुसल्याचा काळा ठिपका होता. नऊ वर्षं सकाळ-संध्याकाळ याच हातांनी त्याच्यापुढं भाकर ठेवली होती.

"मोनाली?" तो म्हणाला. हातांनाच म्हणाला. वर बघायचं त्याला अजूनही सुचलं नव्हतं. "खोलीवर कधी येतीस? हाटेलचं खाऊन खाऊन जीव विटला."

मोनालीनं हात हलवले नाहीत. ती सरळ त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "नको. झालं माझं."